चहापुरतं भगदाड

भिंत फोडायची कल्पना माझी नव्हती, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवतो. पुढे दोन्ही इमारतींत ती माझ्याच नावावर खपली, पण मूळची ती चष्मेवालीची.

चष्मेवाली म्हणजे माझी मैत्रीण. चौकातल्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासते आणि चष्मे बसवून देते. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून ती मला मास्तर म्हणते. ती शेजारच्या इमारतीत राहते, मी या इमारतीत. एकाच बिल्डरने त्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आहेत, त्यामुळे तिचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. मी शिंकलो की ती पलीकडून "औषध घे" म्हणून ओरडते. पण तिच्याकडे चहाला जायचं तर चार मजले उतरा, फाटकातून बाहेर पडा, कोपऱ्याला वळसा घाला, त्यांच्या वॉचमनला कुठे चाललात ते सांगा आणि चार मजले चढा. लिफ्ट दोन्हीकडे आहेत. म्हणजे लिफ्टसाठी राखलेल्या जागा आहेत. चहा पिऊन घरी परत येईपर्यंत पुन्हा चहाची वेळ झालेली असे.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच भलत्या आशेवर पुढे वाचणार नाही. मी गे आहे. हे तेव्हा मला ठाऊक होतं, चष्मेवालीला ठाऊक होतं आणि दोन्ही इमारतींत तिसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी इमारतीतली मुलं माझ्याकडे शिकायला येतात. त्यांच्या आया मला रस्त्यात थांबवून विचारतात, "सर, आमच्याचं कसं काय चाललंय?" त्यांनी असं थांबवणं बंद करू नये, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा म्हणजे काय, भीतीच होती ती.

चष्मेवालीला मात्र माझ्याबद्दल निराळीच तक्रार होती. तिला ज्या सिनेमांचं वेड आहे त्यात एक मुलगी असते आणि तिचा एक गे मित्र असतो. हा मित्र तिला कपडे निवडून देतो, पडदे निवडून देतो, प्रियकरही निवडून देतो आणि शेवटी ती विमानतळाकडे निघते तेव्हा तिची गाडी चालवतो. मला गाडी येत नाही. रंगांच्या बाबतीत मला फक्त नकाशातले रंग कळतात: निळं म्हणजे पाणी, तपकिरी म्हणजे डोंगर. एकदा तिने एका समारंभाला जाताना मला विचारलं, "यातलं काय घालू?" मी म्हटलं, निळं. ती म्हणाली, "मास्तर, निळी पलंगावरची चादर आहे." तेव्हापासून ती मला ऐकवत आली आहे की जगातल्या सगळ्या बायकांना चांगला माल मिळाला आणि तिच्या वाट्याला नेमका डिफेक्टिव्ह पीस आला. कंपनीकडे परत करायची सोय असती तर तिने केव्हाच केला असता म्हणे.

तर एका रविवारी, चार मजले चढून धापा टाकत मी तिच्या खुर्चीत कोसळलो तेव्हा ती म्हणाली, "भिंतीला एक छोटी खिडकी पाडू या. चहाचा कप जाईल एवढी."

मला ते पटलं. मला चहाच्या बाबतीत काहीही पटतं.

गवंडी आला. आडवा बांधा, भरघोस मिशी आणि अत्यंत हळवा स्वभाव. दोघांच्या स्वयंपाकघरांमधली भिंत फोडायची आहे हे कळल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, चष्मेवालीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे पाणावले. "घरच्यांचा विरोध आहे का?" त्याने हळूच विचारलं. चष्मेवाली म्हणाली, "विरोध कसला, चहा गार होतो." त्याने समजूतदारपणे मान हलवली. आपल्याला सगळं कळलं आहे, तुम्ही बोलू नका, असं त्या मानेत होतं.

उंची कमरेइतकी, असं ठरलं. चष्मेवालीने आपल्या बाजूला कमरेशी खूण केली. मी माझ्या बाजूला कमरेइतक्या उंचीवरच्या फळीचा सगळा पसारा काढला आणि पहिला कप स्वीकारायला हातात ट्रे घेऊन, भिंतीकडे तोंड करून, अदबीने उभा राहिलो. पलीकडून ठोके सुरू झाले. ते जवळ येत गेले. पण समोरून येण्याऐवजी ते खालून येत होते. हे काय, असा विचार करतोय तोवर एक वीट सुटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली.

धुळीच्या लोटामागून चष्मेवालीचा आवाज आला. "मास्तर, कुठे आहेस?"

"इथेच आहे."

"दिसत नाहीस. नुसत्या चपला दिसताहेत."

"त्यांच्यातच आहे," मी म्हटलं.

आमचा रस्ता उताराचा आहे. तिची इमारत उताराच्या खालच्या अंगाला, माझी वरच्या. दोघांचाही मजला चौथाच, पण तिच्या कमरेशी माझी जमीन लागत होती. मुलांना मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आलो आहे की उंची समुद्रसपाटीपासून मोजायची असते, आपापल्या तळपायापासून नाही. हे भगदाड शाळेच्या सहलीत दाखवण्यासारखं होतं. चष्मेवाली फक्त हसत राहिली, आणि हसता हसता खाली बसली, आणि मग मला तीही दिसेनाशी झाली.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण गवंड्याला त्या एवढ्याशा भोकात आमचं भवितव्य दिसेना. आम्ही चपलांबद्दल बोलत होतो तेवढ्यात त्याने ते वरच्या बाजूने चांगलं ऐसपैस केलं. "जरा मोठं असू दे," तो म्हणाला. "उद्या घरात माणसं वाढतील." त्या ऐसपैसपणापायी एक भेग निघाली, ती सरळ वर गेली आणि पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातली फरशी तडकली.

काकू म्हणजे आमच्या इमारतीचा आवाज. त्या तावातावाने खाली आल्या. दार उघडंच होतं. आत मी जमिनीवर पालथा पडून कपातला चहा पीत होतो आणि भिंतीतून चष्मेवालीचं नुसतं डोकं बाहेर आलेलं. काकू फरशीचं विसरल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आम्हाला कळवायचं तरी."

संध्याकाळपर्यंत दोन्ही इमारतींना कळलं होतं. जिन्यात माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवू लागली. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, संसारात पहिली काही वर्षं आपलं मत बोलून दाखवू नये, असा सल्ला दिला. त्यांच्या पत्नीने मागून सांगितलं की पुढची काही वर्षंही दाखवू नये.

सल्ल्यांवर भागलं असतं तर मी एकवेळ खपवून घेतलं असतं. पण या दोन इमारती म्हणजे दोन वेगळ्या सोसायट्या, आणि दोन्हींच्या अध्यक्षांचं पाण्याच्या टाकीवरून बिनसलेलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही टाकीकडे बघत पुढे जातात. त्यामुळे आमचं भगदाड हा आता सरहद्दीचा प्रश्न झाला. आमचे अध्यक्ष म्हणाले, आधी त्यांच्या बाजूने फोडायला सुरुवात झाली, हे अतिक्रमण आहे. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, राडारोडा आमच्या बाजूला पडला, हेही अतिक्रमणच आहे. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं आणि दोघांनीही स्वतंत्रपणे नगरपालिकेकडे तक्रार केली.

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात आम्ही बरेच दिवस बाकावर काढले. तिथला कारकून भला माणूस होता. दोन घरं आतून जोडायची तर दोन्ही घरं एकाच कुटुंबाची हवीत, असा नियम त्याने आम्हाला सांगितला.

"मैत्री चालेल का?" चष्मेवालीने विचारलं.

"मैत्री नियमात नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून आपुलकीने म्हणाला, "तुम्ही लग्नच का करत नाही? चटकन होतं. भिंतीची परवानगी मिळायला वेळ लागतो."

पाहणीसाठी खात्याने इंजिनिअर पाठवला. उंच, सावकाश बोलणारा आणि मोजमापाचा भलता शौकीन. त्याचा चष्मा एका बाजूला कलला होता, त्यामुळे तो सगळ्या जगाकडे किंचित मान वाकडी करून बघायचा. तो माझ्या स्वयंपाकघरात पालथा झाला आणि टेप घेऊन त्याने भगदाडात डोकं घातलं. पलीकडे चष्मेवाली उभी होती.

"चष्मा द्या," ती म्हणाली.

"भगदाडाची रुंदी घेतोय," तो म्हणाला.

"रुंदी कुठे जात नाही. आधी चष्मा द्या."

त्याने दिला. चष्म्याशिवाय त्याला समोर नुसता धुरकट आकार दिसत असणार, पण तो त्या आकाराकडे बघतच राहिला. तिने काडी सरळ केली, आपल्या ओढणीने काचा पुसल्या आणि चष्मा परत त्याच्या नाकावर बसवला. आता त्याला नीट दिसलं. मी त्याच्या पायांशी उभा होतो. पाहणीच्या वेळी इंजिनिअरचा श्वास असा अडकतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तो उंची मोजायला आला. मग खोली मोजायला आला. मग भिंतीचा ओलावा बघायला आला, त्याची कोणीही तक्रार केली नव्हती. प्रत्येक खेपेला चष्मा थोडा कललेला असे, आणि मला दाट संशय आहे की तो जिन्यात थांबून स्वतःच कलवत असे. चष्मेवाली अलीकडे दुकानातून लवकर यायला लागली होती. भिंतीतून दोन कुर्ते पुढे करून तिने मला विचारलं, "कुठला?" मी बराच वेळ नीट निरखून बघितलं. या वेळी दोन्ही कुर्तेच होते याची खात्री केली आणि म्हटलं, "ज्यात तू हसतेस तो." ती म्हणाली, "सुधारतोयस."

पण गाडी पुढे सरकेना. एक दिवस इंजिनिअर माझ्याकडचं काम आटोपून जाताना दारात थांबला. "सर, तुमच्या दोघांचं लवकर रीतसर होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. "माझ्याकडून फाईल अडणार नाही." आणि इतक्या जड पावलांनी जिना उतरला की खालच्या मजल्यावरच्यांनी कोण आजारी आहे म्हणून दार उघडून पाहिलं.

मी धावत जाऊन जमिनीवर आडवा झालो आणि भिंतीतून हाक मारली. "तू त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, नुसता मित्र आहे म्हणून. त्याला पटत नाही. म्हणाला, नुसत्या मैत्रीसाठी कोणी भिंत फोडतं का?"

"मग खरं कारण सांग."

"ते सांगणं माझं काम नाही." तिचा आवाज एकदम करडा झाला. "आणि तूही माझ्यासाठी तोंड उघडायचं नाहीस. माझं मी बघीन."

"काय बघशील? तो परवा फाईल बंद करतोय. मग येणार नाही."

"नाही आला तर नाही आला. मला एक डिफेक्टिव्ह पीस पुरे आहे," ती म्हणाली आणि तिने पलीकडून भगदाडाला कागदी खोकं लावून टाकलं. मी त्या खोक्याकडे बघत पडून राहिलो. मला फार वाईट वाटलं. तिला माझ्यासाठी गप्प बसणं किती सहज जमत होतं, याचंच वाईट वाटलं.

फाईल बंद करण्यापूर्वी दोन्ही सोसायट्यांची एकत्र बैठक घ्यावी असं खात्याने कळवलं. स्कूटरी लावतात त्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या. मध्ये एक रिकामी रांग ठेवून अलीकडे आम्ही, पलीकडे ते. दोन्ही अध्यक्ष इंजिनिअरकडे बघून एकमेकांशी बोलत होते. गवंडीसुद्धा आला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. चर्चा फारशी झालीच नाही, कारण सगळ्यांच्या मते प्रश्न सुटलेला होता. दोघांनी लग्न करावं, म्हणजे कुटुंब एक, भिंत एक आणि तक्रार मागे. आमचे अध्यक्ष तर म्हणाले की या निमित्ताने टाकीचाही विचार करायला हरकत नाही. टाळ्या वाजल्या. इंजिनिअर खाली मान घालून टेप उलगडत आणि गुंडाळत होता. चष्मेवाली उठायला लागली, ती काय बोलणार ते मला कळलं. ती सगळा दोष स्वतःवर घेऊन भिंत बुजवायला कबूल होणार होती.

तिच्या आधी मी उठलो.

समोर माझ्या विद्यार्थ्यांच्या आया बसल्या होत्या. मी म्हटलं, "समुद्रसपाटी म्हणजे काय, तर," आणि काही वेळ मी उतार, चढ आणि आमच्या रस्त्याची घडण यांवर बोललो. लोक सवयीने ऐकत होते. मागच्या एका मुलाने वही काढली. मग माझा भूगोल संपला.

"मी लग्न करणार नाही," मी म्हटलं. "मला पुरुष आवडतात. मी पहिल्यापासून तसाच आहे. ही माझी मैत्रीण आहे. नुसती मैत्रीण. आणि ती भिंत आम्ही नुसत्या मैत्रीसाठीच फोडली."

इंजिनिअरच्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

पलीकडच्या अध्यक्षांनी घसा साफ केला. "म्हणजे कुटुंब एक होत नाही."

"मग नियमात बसत नाही," आमचे अध्यक्ष म्हणाले. टाकीनंतर प्रथमच ते एकमेकांशी थेट बोलले, आणि बोलले ते हे.

आयुष्यभर जी गोष्ट उराशी धरून बसलो ती सांगितल्यावर काय काय होईल याच्या मी हजार कल्पना केल्या होत्या. ती नियमात बसते की नाही यावर चर्चा होईल, ही त्यात नव्हती. काही जण खुर्च्या सरकवून उठले. एक बाई माझ्याकडे न बघता मुलाला घेऊन गेल्या. तेवढ्यात काकू आपल्या जागेवरून म्हणाल्या, "ते सगळं राहू दे. मग या दोघांनी चहा कसा द्यायचा, तेवढं बोला."

आणि चष्मेवाली उठून, माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून, आपल्या जिन्याने वर निघून गेली.

सिनेमात या ठिकाणी कोणीतरी धावतं, म्हणून मीही धावलो. विमानतळ नव्हता, माझे चार मजले होते. वर जाऊन मी स्वयंपाकघरात आडवा झालो, तेव्हा माझा श्वास भात्यासारखा चालला होता. पलीकडचं खोकं बाजूला झालं. तिचे डोळे लाल होते.

"मी सांगितलं होतं ना, माझ्यासाठी तोंड उघडायचं नाही."

"तुझ्यासाठी नाही उघडलं," मी म्हटलं. "म्हणजे आधी तुझ्यासाठीच उठलो होतो. पण उभा राहिल्यावर वाटलं, मलाही कधीतरी माझ्या घरात सरळ उभं राहायचंय."

"तू आडवा पडलायस," ती म्हणाली.

मग ती रडली आणि हसली, आणि हात लांब करून तिने माझ्या केसांतली धूळ झटकली. मीही रडलो, आणि कोणाला न घाबरता मी इतका वेळ रडलोय असं त्याआधी कधी झालं नव्हतं. एवढ्यात तिच्या दाराची घंटा वाजली. इंजिनिअर होता. त्याचा चष्मा अगदी सरळ होता.

"कप जाईल, पण माणूस जाणार नाही, एवढ्या आकाराला आम्ही झरोका म्हणतो," तो दारातूनच म्हणाला. बहुधा जिन्यात पाठ करून आला असावा. "झरोक्याला कुटुंब लागत नाही." आणि जरा थांबून, "मी चहा घेईन."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दोन मुलं आली नाहीत. एकीच्या आईने कळवलं की तिचा घसा बसलाय. भूगोलाला घसा लागतो तो माझा, पण मी काही म्हटलं नाही. ती मुलगी काही दिवसांनी परत आली. दुसरा आला नाही, आणि त्याची रिकामी जागा मला अजूनही टोचते. पण रस्त्यात त्या मुलीच्या आईने मला थांबवलं. ती म्हणाली, "सर, नकाशा भरताना ही नद्या चुकवते हो." इतकं सुंदर वाक्य मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. काकूंनी वरून एक जाड गादी पाठवली आणि निरोप दिला की गार फरशीवर पालथं पडून चहा पिऊ नये, बरगडीत भरतं. तडकलेल्या फरशीचं त्यांनी मला आजवर विसरू दिलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पुढे इंजिनिअर आणि चष्मेवाली यांचं लग्न झालं. त्याचं घर मोठं होतं, नवीन होतं आणि तिथली लिफ्ट चालत होती. तिने ते सगळं हिंडून पाहिलं, तारीफ केली आणि म्हणाली, "बाकी सामान नेता येईल. भिंत कशी नेणार?" तेव्हा तोच आपलं सामान घेऊन तिच्याकडे आला. आता झरोक्यातून येणारा कप तो टेपने मोजल्यासारखा काठोकाठ भरतो आणि एक थेंबही सांडत नाही.

त्याआधी झरोका लहान करायला गवंडी आला होता. आपणच ऐसपैस केलेलं भगदाड बुजवताना त्याचा ऊर भरून आला. बैठकीत ऐकल्यापासून तो काहीतरी मनात घोळवत होता. शेवटची वीट बसवून त्याने थापी पुसली, माझ्या शेजारी गादीवर बसला आणि स्वयंपाकघराच्या उरलेल्या तीन भिंतींकडे आळीपाळीने बघितलं.

"सर, त्या ताईंचं झालं," तो म्हणाला. "आता तुमच्यासाठी कुठली फोडायची?"

आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही त्या तिन्ही भिंतींकडे आळीपाळीने बघितलं.

"सांगतो," मी म्हटलं. "पण या वेळी आधी पलीकडची जमीन मोजून घेऊ."